श्रद्धेची परीक्षा मागणारे जयपूरचे पंडित टोडरमल

ईश्वराने हे जग निर्माण केले, याला पुरावा काय? वाडवडिलांनी पाळला म्हणून एखादा धर्म खरा ठरतो काय? ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट सत्य मानावी काय? अठराव्या शतकाच्या मध्यास जयपूरमधील एका जैन मंदिरात या प्रश्नांवर नित्य चर्चा होत असे. ती चालविणारे पंडित टोडरमल यांना इ.स. १७६६-६७ च्या सुमारास राजाज्ञेने प्राण गमवावे लागले. त्यांचा मुख्य ग्रंथ अपुरा राहिला. तरीही अडीचशेहून अधिक वर्षांनंतर तो भारतातील दिगंबर जैन समाजात आवर्जून वाचला जातो.

टोडरमल हे नाव घेताच बहुतेक मराठी वाचकांना अकबराच्या दरबारातील महसूलमंत्री राजा टोडरमल आठवतो. जयपूरचे पंडित टोडरमल त्याच्यानंतर सुमारे दोन शतकांनी झाले. त्यांच्याकडे ना जहागीर होती, ना दरबारी पद. ते खंडेलवाल जैन समाजातील गोदिका गोत्राचे एक सामान्य गृहस्थ होते.

नवे शहर आणि नवा विचार

सवाई जयसिंग यांनी इ.स. १७२७ मध्ये जयपूरची स्थापना केली. आखीव रस्ते, चौकोनी पेठा आणि व्यापाऱ्यांना दिलेले उत्तेजन यांमुळे हे शहर थोड्याच काळात भरभराटीस आले. ग्रहताऱ्यांविषयी केवळ जुन्या कोष्टकांवर विसंबून न राहता जयसिंगांनी दगडी यंत्रे उभारून आकाशाचे वेध घेतले. ही वेधशाळा, जंतर मंतर, आजही उभी आहे. राज्याच्या कारभारात जैन दिवाण मोठ्या संख्येने होते आणि शहरात जैन मंदिरे झपाट्याने उभी राहत होती.

याच सुमारास उत्तर भारतातील दिगंबर जैन समाजात एक वैचारिक मंथन सुरू होते. मठाधिपती असलेल्या भट्टारकांच्या हाती धार्मिक अधिकार एकवटले होते. कोल्हापूर आणि नांदणी येथील मठांमुळे ही भट्टारक परंपरा महाराष्ट्राला परिचित आहे. गृहस्थाने स्वतः ग्रंथ वाचावेत, त्यांचा अर्थ समजून घ्यावा, पूजेतील आडंबर कमी करावे आणि भट्टारकांची सत्ता मानू नये, असा आग्रह धरणारा प्रवाह आग्रा, कामा, सांगानेर या भागांत सतराव्या शतकापासून वाढला. तो तेरापंथ म्हणून ओळखला जातो. आचार्य भिक्षू यांनी इ.स. १७६० मध्ये स्थापन केलेला श्वेतांबर तेरापंथ याहून वेगळा आहे. जयपूरमध्ये दिगंबर तेरापंथाचे सर्वांत समर्थ प्रवक्ते म्हणून पंडित टोडरमल पुढे आले.

सिंघाणा येथील तीन वर्षे

टोडरमल यांच्या वडिलांचे नाव जोगीदास आणि आईचे रंभादेवी. त्यांचे निधन वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी झाले, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. मात्र मुलतान येथील जैन श्रावकांना त्यांनी पाठविलेले एक तात्त्विक पत्र विक्रम संवत १८११ मधील, म्हणजे इ.स. १७५४-५५ मधील आहे. जुनी समजूत खरी मानली, तर आत्मानुभवासारख्या गहन विषयावरील हे प्रौढ पत्र चौदा वर्षांच्या मुलाने लिहिले असे म्हणावे लागते. डॉ. हुकमचंद भारिल्ल यांनी आपल्या संशोधनात अशा पुराव्यांची छाननी केली आणि टोडरमल यांचा जन्म इ.स. १७१९-२० च्या सुमारास झाला व मृत्यूसमयी त्यांचे वय ४७ च्या आसपास होते, असा निष्कर्ष काढला. ‘रहस्यपूर्ण चिठ्ठी’ या नावाने हे पत्र आजही वाचले जाते.

उपजीविकेसाठी टोडरमल काही काळ शेखावाटीतील सिंघाणा या गावी एका साहुकाराकडे होते. तेथे त्यांची भेट ब्रह्मचारी रायमल यांच्याशी झाली. रायमल हे गावोगावी हिंडून विद्वानांचा शोध घेणारे जिज्ञासू गृहस्थ होते. ‘गोम्मटसार’ या प्राचीन ग्रंथाचा अर्थ जाणणारी माणसे जवळजवळ उरलेली नाहीत आणि भाषेत टीका झाली नाही तर हे ज्ञान लुप्त होईल, या चिंतेने त्यांनी टोडरमल यांना लेखनाचा आग्रह केला.

‘गोम्मटसार’ हा दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र यांचा प्राकृत ग्रंथ. श्रवणबेळगोळ येथील गोम्मटेश्वराची भव्य मूर्ती उभारणाऱ्या चामुंडरायाचे हे गुरू. याच मूर्तीच्या पायाशी आद्य मराठी शिलालेखांपैकी एक कोरलेला आहे, हे मराठी वाचकांना स्मरत असेल. कर्मसिद्धांताची अत्यंत गुंतागुंतीची, गणिताने भरलेली मांडणी या ग्रंथात आहे. टोडरमल यांनी ‘गोम्मटसार’, ‘लब्धिसार’, ‘क्षपणासार’ आणि ‘त्रिलोकसार’ यांवर सुमारे तीन वर्षांत टीका लिहिल्या. ३२ अक्षरांचा एक श्लोक या जुन्या मापाने त्यांचे प्रमाण ६५ हजार श्लोकांइतके भरते, अशी नोंद रायमल यांनी केली आहे. यांतील पहिल्या तीन ग्रंथांवरील टीका ‘सम्यग्ज्ञानचंद्रिका’ या नावाने संवत १८१८ मध्ये, म्हणजे इ.स. १७६१-६२ मध्ये पूर्णत्वास गेली.

त्यांच्या एकाग्रतेविषयी एक आख्यायिका जैन घरांत सांगितली जाते. लेखन चालू असताना आई कित्येक महिने जेवणात मीठ घालत नव्हती, पण मुलाच्या ते लक्षातही आले नाही. ज्या दिवशी ग्रंथ संपला, त्या दिवशी जेवताना त्यांनी भाजी अळणी का, असे विचारले. त्यावरून आईने ओळखले की काम पूर्ण झाले आहे.

या लेखनाची भाषा हीदेखील महत्त्वाची बाब आहे. टोडरमल संस्कृत व प्राकृत जाणत होते. परंतु त्यांनी जयपूर परिसरातील ढुंढारी आणि ब्रज यांच्या मिश्रणातून घडलेले साधे गद्य निवडले. धर्मचर्चेसाठी पद्याचाच वापर होण्याच्या काळात दुकानदाराला आणि कारकुनाला कळेल अशा गद्यात शंका आणि समाधान या पद्धतीने त्यांनी विषय मांडले. म्हणूनच हिंदी गद्याच्या प्रारंभकाळातील लेखकांत त्यांची गणना होते.

जगाचा कर्ता कोण?

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ ‘मोक्षमार्ग प्रकाशक’ होय. याचे नऊ अध्याय उपलब्ध असून नववा अपुरा आहे. पाचव्या अध्यायात त्यांनी विविध मतांची परीक्षा केली आहे. वेदान्त, सांख्य, न्याय, वैशेषिक, मीमांसा, बौद्ध, चार्वाक, तसेच इस्लाम आणि श्वेतांबर जैन मत यांचाही त्यांत समावेश आहे.

जगाचा कर्ता ईश्वर आहे, या मताविषयी त्यांनी उपस्थित केलेले प्रश्न सरळ आहेत. आरंभी एकटे ब्रह्मच होते आणि त्याला अनेक व्हावेसे वाटले, असे म्हटले तर त्या इच्छेपूर्वी त्याला काही उणीव भासत होती असे होते. जो पूर्ण आणि सुखी आहे त्याला इच्छा कशाची? जग ही त्याची लीला आहे असे म्हटले, तर ज्या खेळात असंख्य जीव दुःख भोगतात असा खेळ मांडणाऱ्याला दयाळू कसे म्हणावे? आणि जीवांना सुखदुःख त्यांच्या स्वतःच्या कर्मानुसार मिळते असे उत्तर दिले, तर फळ देणारे कर्मच ठरले. मग कर्त्याचे काम उरले कोणते?

रक्षणकर्त्या ईश्वराविषयीही त्यांनी अशीच शंका घेतली. संकटातून वाचलेला माणूस देवाने तारले असे म्हणतो आणि न वाचलेल्याच्या बाबतीत त्याचे कर्म आड आले असे सांगितले जाते. चांगल्याचे श्रेय एकाला आणि वाइटाचा दोष दुसऱ्याला देणे न्याय्य नाही, असा त्यांचा मुद्दा होता. अखेरीस जग कोणी निर्माण केलेले नसून ते अनादी आहे, हा जैन सिद्धांत त्यांनी मांडला.

असे असले तरी त्यांना आजच्या अर्थाने निरीश्वरवादी बुद्धिवादी म्हणता येणार नाही. आत्मा, पुनर्जन्म, कर्म आणि सर्वज्ञ तीर्थंकर यांवर त्यांची दृढ श्रद्धा होती. देहापलीकडे काहीच नाही, या चार्वाक मताचे त्यांनी तितक्याच आग्रहाने खंडन केले. इतर पंथांवरील त्यांची टीका आजच्या वाचकाला कठोरही वाटू शकते. मात्र त्यांच्या विचाराचे वैशिष्ट्य असे की परीक्षेची ही कसोटी त्यांनी आपल्या माणसांनाही लावली.

स्वकीयांचीही झडती

‘मोक्षमार्ग प्रकाशक’चा सातवा अध्याय हा सर्वांत धाडसी मानला जातो. जे जैन कुळात जन्मले, जिनमंदिरात जातात, व्रते करतात, त्यांच्यातही मिथ्या श्रद्धा कशी असते, हा त्याचा विषय आहे.

कुळाचार म्हणून धर्म पाळणाऱ्यांना त्यांनी विचारले की, बापाचा धर्म मुलाने पाळणे हाच जर धर्म असेल, तर प्रत्येकाचा कुळधर्म त्याच्यापुरता खरा ठरेल. मग जैन असण्यात विशेष ते काय राहिले? शास्त्राची आज्ञा आहे म्हणून मानतो असे म्हणणाऱ्यांनाही त्यांनी हाच प्रश्न केला. प्रत्येक पंथाचे लोक आपापल्या शास्त्राची आज्ञा मानतातच. तेव्हा आज्ञा पाळण्यापूर्वी ती आज्ञा कोणाची आणि ती खरी का, हे तपासले पाहिजे.

येथे एक अडचण उभी राहते. प्राचीन ग्रंथांत स्वर्ग, नरक, दूरचे द्वीप आणि समुद्र यांची वर्णने असतात. ती सामान्य माणसाने कशी तपासावीत? टोडरमल यांनी यावर व्यवहारी उत्तर दिले. ज्या गोष्टींवर आपले हित अवलंबून आहे, त्यांची परीक्षा अवश्य करावी. देव कोणाला म्हणावे, गुरू कसा असावा, दुःखाचे कारण काय आणि त्यातून सुटका कशी होते, हे विषय अनुमानाने व अनुभवाने तपासता येतात. त्यांत जो वक्ता खरा ठरला, त्याच्या उरलेल्या, तपासता न येणाऱ्या विधानांवर विश्वास ठेवता येतो. याचा अर्थ त्यांनी शास्त्र नाकारले नाही, परंतु शास्त्राला मान देण्यापूर्वी वाचकाच्या विवेकाला मान दिला.

सहाव्या अध्यायात त्यांनी नवस, ग्रहशांती, क्षेत्रपाल व यक्षिणींची उपासना यांवर टीका केली. धनलाभासाठी किंवा रोगनिवारणासाठी केलेल्या अशा पूजेला त्यांनी भय आणि लोभ यांचेच रूप मानले. उपजीविकेसाठी किंवा प्रतिष्ठेसाठी धर्माचे सोंग घेणाऱ्या जैनांनाही त्यांनी सोडले नाही.

नीतीचा आधार

ईश्वर शिक्षा करीत नाही, मग माणसाने चांगले का वागावे? हा प्रश्न आजही विचारला जातो. टोडरमल यांच्या विचारात त्याचे उत्तर माणसाच्या अंतःकरणात शोधले आहे. राग, द्वेष, लोभ आणि अहंकार यांनीच मनुष्य दुःखी होतो. हे दुःख कोणी बाहेरून देत नाही आणि कोणी काढूनही घेत नाही. जो दुसऱ्याला पीडा देतो, त्याच्या मनात आधी क्रोध उत्पन्न होतो आणि त्या क्रोधाचा दाह त्याला तत्क्षणी भोगावा लागतो.

म्हणून नरकाच्या भीतीने पाप टाळणे आणि स्वर्गाच्या आशेने पुण्य करणे हे त्यांच्या दृष्टीने अपुरे होते. हातून कृती कोणती घडली याइतकेच ती कोणत्या भावाने घडली हेही पाहिले पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते. उपवास करून जो त्याचा गर्व मिरवतो, त्याचे पोट रिकामे राहिले तरी कषाय कमी झाला नाही, असा या विचाराचा आशय आहे.

तणावाचे शहर

हे लेखन शांततेच्या काळात झाले असे नव्हे. सवाई जयसिंग यांचे इ.स. १७४३ मध्ये निधन झाले आणि ईश्वरीसिंग व माधोसिंग या दोन पुत्रांत गादीसाठी संघर्ष पेटला. त्यात मराठ्यांनीही हस्तक्षेप केला. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकरांचे सैन्य चालून येत असताना ईश्वरीसिंगाने आत्महत्या केली. माधोसिंग गादीवर आला आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, जयपूरमध्ये आलेल्या मराठ्यांची शहरवासीयांनी मोठी कत्तल केली. खंडणी, युद्ध आणि अविश्वास यांनी राज्य पोखरले होते.

अशा काळात धार्मिक वैरही उफाळून आले. संवत १८१८ मध्ये श्याम तिवारी नावाच्या व्यक्तीचे राजावर वजन वाढले आणि अनेक जैन मंदिरांची मोडतोड झाली. काही काळाने तिवारी याला हद्दपार करण्यात आले व जैन समाजाला पुन्हा स्वास्थ्य लाभले. संवत १८२१ मध्ये (इ.स. १७६४-६५) जयपूरमध्ये इंद्रध्वज विधान नावाचा मोठा पूजामहोत्सव भरला. रायमल यांनी त्यासाठी गावोगावी पाठविलेली निमंत्रण पत्रिका उपलब्ध आहे. तीत टोडरमल यांच्या विद्वत्तेचा गौरव असून दरबाराकडून उत्सवास साहाय्य मिळाल्याचा उल्लेख आहे.

यानंतर दोन-तीन वर्षांतच चित्र पालटले.

अखेर

बखतराम साह यांच्या संवत १८२७ मधील ‘बुद्धिविलास’ या ग्रंथात त्या घटनेचे वर्णन आहे. बखतराम स्वतः जैन होते, पण तेरापंथाचे विरोधक होते. म्हणजे टोडरमल यांच्याविषयी त्यांना विशेष आत्मीयता असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या म्हणण्यानुसार शिवपिंडी उखडल्याचा आरोप जैनांवर आला. हा विरोधकांनी रचलेला बनाव होता, असे त्यांनी सूचित केले आहे. राजाने श्रावकांना कैद केले, दंड वसूल केला आणि तेरापंथीयांचे गुरू म्हणून टोडरमल यांना ठार करविले. त्यांचा देह घाणीत पुरण्यात आला.

हत्तीच्या पायाखाली देऊन त्यांना मारण्यात आले, असे लोकपरंपरा सांगते. जयपूरच्या जैन समाजात हीच आठवण रूढ आहे. प्रत्येक विधानासाठी पुरावा मागण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचा अंत असा एका आरोपावर झाला.

याच काळात युरोपातही अशीच घटना घडली होती. फ्रान्समधील आबव्हिल येथे पुलावरील क्रूसाची विटंबना झाल्यावर शेव्हालिए द ला बार या तरुणावर धर्मनिंदेचा खटला चालला आणि १ जुलै १७६६ रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. त्याच्या देहाबरोबर व्हॉल्टेअरच्या तत्त्वज्ञानकोशाची प्रतही जाळण्यात आली. स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचे संवाद लिहून ठेवले होते, पण ते त्याच्या मृत्यूनंतर, इ.स. १७७९ मध्ये प्रसिद्ध झाले. जयपूरच्या पंडिताला या दोघांची नावेही ठाऊक नव्हती. तरीही प्रश्न सारखे होते आणि ते विचारण्यातील धोकाही सारखाच होता.

वारसा

टोडरमल यांच्या मागे हरिचंद आणि गुमानीराम हे दोन पुत्र राहिले. गुमानीराम यांनी पुढे आचाराच्या शुद्धतेवर भर देणारा गट उभा केला. तो गुमानपंथ म्हणून ओळखला गेला. ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’वरील टोडरमल यांची अपुरी टीका दौलतराम कासलीवाल यांनी संवत १८२७ मध्ये पूर्ण केली. ‘मोक्षमार्ग प्रकाशक’ मात्र कोणी पूर्ण केला नाही. तो जेथे थांबला, तेथेच आजच्या छापील प्रतीही थांबतात.

विसाव्या शतकात या ग्रंथाचा प्रभाव पुन्हा वाढला. सौराष्ट्रातील स्थानकवासी साधू कानजी स्वामी (१८९०-१९८०) यांच्यावर त्याच्या सातव्या अध्यायाचा खोल परिणाम झाला. पुढे त्यांनी आपला संप्रदाय सोडून दिगंबर मत स्वीकारले आणि सोनगढ येथून मोठी चळवळ उभी केली. याच प्रेरणेतून जयपूरच्या बापूनगर भागात पंडित टोडरमल स्मारक उभे राहिले. तेथील महाविद्यालयात देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले विद्यार्थी जैन दर्शनाचा अभ्यास करतात. मूळ ढुंढारी ग्रंथाची आधुनिक हिंदीत रूपांतरे झाली, तसेच गुजराती व मराठी वाचकांपर्यंतही तो पोहोचला.

जोहरी बाजारातून निघणाऱ्या घीवाल्यांच्या रस्त्यावर तेरापंथीयांचे बडे मंदिर आजही आहे. टोडरमल यांची शास्त्रसभा याच मंदिराशी निगडित मानली जाते. आपल्याच श्रोत्यांना, माझे म्हणणेही तपासल्याशिवाय मानू नका, असे शिकविणाऱ्या या पंडिताच्या ग्रंथावर तेरापंथीयांच्या मंदिरांत अजूनही प्रवचने होतात. त्यांतील एखादे विधान पटले नाही तर श्रोता उभा राहून शंका विचारू शकतो. टोडरमल यांनी घालून दिलेली शंका आणि समाधान ही रीत अशी टिकून आहे.